कॉन्सर्टिनावादकांची जुनी छायाचित्रं कशी जमवावीत: आधी हात बघा

जुन्या फोटोंच्या खोक्यात हात घातला आणि गुडघ्यावर कॉन्सर्टिना, म्हणजे भाता ओढून-दाबून वाजवायचं छोटं सहाकोनी वाद्य, टेकवून बसलेला कुणी दिसला, की नजर आपोआप चेहऱ्याकडे जाते. मिशा, टोपी, कोट बघून आपण खूश होतो आणि फोटो घेऊन टाकतो. पहिली काही वर्षं मीही असंच केलं. पुढे वाद्य नीट ओळखता यायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की या फोटोंमधली बरीचशी माहिती हातांत असते. अंगठा कुठे आहे, करंगळी कशावर टेकली आहे, पट्टा कुठून गेला आहे, यावरून वाद्याचा प्रकार कळतो. प्रकारावरून देश आणि काळ यांचा अंदाज बांधता येतो. समोरचा माणूस खरंच वाजवणारा होता की फोटोपुरतं वाद्य धरून बसला होता, हेही बऱ्याचदा तिथेच कळतं. म्हणून खरेदी मागाहून, आधी बघायला शिकू.

वाद्य ओळखणं

पहिला प्रश्न असा की हे कॉन्सर्टिनाच आहे का. अकॉर्डियनची बटणं किंवा पट्ट्या भाता ज्या दिशेने उघडतो, तिला काटकोनात दाबल्या जातात. कॉन्सर्टिनात बटणं दोन टोकांच्या फळ्यांवर असतात आणि ती भात्याच्याच दिशेने, आतल्या बाजूला दाबली जातात. त्यामुळे वादकाचे दोन्ही तळवे एकमेकांसमोर येतात, टाळी वाजवता वाजवता थांबल्यासारखे. फोटो कितीही पुसट असला तरी हातांची ही ठेवण सहसा दिसते.

त्यानंतर प्रकार. लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टनने १८२९ च्या पेटंटातून सुरुवात करून १८४४ मध्ये कॉन्सर्टिनाचं स्वतंत्र पेटंट घेतलं. त्याच्या वाद्याला आज 'इंग्लिश कॉन्सर्टिना' म्हणतात. यात भाता ओढा वा दाबा, एका बटणाचा सूर तोच राहतो. फोटोतली खूण म्हणजे प्रत्येक बाजूला अंगठ्यासाठी चामड्याचं लहान वळं आणि करंगळी टेकवायला धातूची वाकडी पट्टी. हाताच्या पाठीवरून जाणारा पट्टा बहुधा नसतो. बटणं साधारण ४८, लहान आणि दाट.

दुसरीकडे जर्मनीत केम्निट्झ गावी कार्ल फ्रीडरिश उलिगने १८३४ मध्ये वेगळंच वाद्य बनवलं. त्यात ओढताना एक आणि दाबताना दुसरा सूर निघतो. त्याचं खोकं चौकोनी होतं. हीच सूररचना इंग्रज कारागिरांनी आपल्या सहाकोनी सांगाड्यात बसवली आणि 'अँग्लो' कॉन्सर्टिना तयार झालं. अँग्लोत चार बोटांच्या मागून, हाताच्या पाठीवरून, रुंद चामडी पट्टा जातो आणि तळहात लाकडी पट्टीवर टेकतो. बटणं २० किंवा ३०, दोन किंवा तीन ओळींत. उजव्या अंगठ्याखाली हवा सोडायचं एक वेगळं बटण असतं. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिसरा गट 'ड्युएट'चा. यात हातपट्टा अँग्लोसारखाच, पण बटणं खूप जास्त आणि दोन्ही दिशांना सूर एकच. जॉन हिल मॅकॅनचं ड्युएट १८८४ मध्ये पेटंट झालं. पट्टा अँग्लोचा आणि बटणांची गर्दी इंग्लिशपेक्षाही जास्त दिसली तर ड्युएटचा संशय घ्यावा. फोटोवरून ड्युएटची नेमकी जात सांगणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून नोंदीत नुसतं 'ड्युएट असावं' एवढंच लिहावं.

मोठी चौकोनी खोकी दिसली तर ती केम्निट्झर किंवा बँडोनिऑन. क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडच्या नावावरून ओळखलं जाणारं बँडोनिऑन पुढे अर्जेंटिना आणि उरुग्वेत टँगोचं वाद्य झालं. केम्निट्झर अमेरिकेत शिकागो, विस्कॉन्सिन, मिनेसोटा इकडच्या पोलिश, जर्मन, चेक वस्त्यांमध्ये रुजलं. काही संग्राहक ही दोन्ही वाद्यं बाहेर ठेवतात. माझ्या मते घराणं एकच आहे, तेव्हा त्यांना आत घ्यावं आणि वेगळ्या कप्प्यात ठेवावं.

खरा वादक की स्टुडिओतलं वाद्य?

स्टुडिओत खुर्च्या, पडदे, पुस्तकं असत, तशीच कधी कधी वाद्यंही असत. फोटोग्राफर ग्राहकाच्या हातात काहीतरी देई, म्हणजे हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटे. असे फोटो ओळखायला शिकलात तर संग्रहाचा कस वाढेल.

वाजवणारा माणूस अंगठा वळ्यात किंवा हात पट्ट्यात पूर्ण घालतो. फोटोसाठी स्थिर बसला तरी त्याची बोटं बटणांवर वाकलेली असतात. तो बहुधा वाद्याचं एक टोक मांडीवर टेकवतो, कारण नाहीतर एकाच वेळी दोन्ही टोकं हलू लागतात. भाता झिजू नये म्हणून मांडीवर रुमाल पसरलेला दिसला तर जवळजवळ खात्रीच धरा. कोपरं सैल असतात. पट्ट्याचं चामडं वापराने मऊ पडून हाताच्या आकाराला वळलेलं असतं आणि चांगल्या भिंगाखाली ते दिसतं. याउलट ज्याने वाद्य नुसतं धरलंय, तो ते डब्यासारखं दोन बाजूंनी धरतो, बोटं सरळ ठेवतो आणि पट्टा हाताबाहेर लोंबत असतो.

भाता किती उघडा आहे तेही बघा. जुन्या प्रक्रियांत काही सेकंद हलायचं नसे. पूर्ण ताणलेला भाता तेवढा वेळ हवेत स्थिर धरणं अवघड असतं, म्हणून १८५०-६० च्या फोटोंत भाता अर्धवट उघडा किंवा मांडीवर वळवून ठेवलेला आढळतो. पंख्यासारखा फाकलेला, ऐटीत उघडलेला भाता जास्त करून नंतरच्या, झटपट टिपलेल्या फोटोंत दिसतो. हा पक्का नियम नाही, पण काळाचा अंदाज घेताना उपयोगी पडतो.

इथे माझी एक चूक सांगते. तळहाताएवढा एक टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो, माझ्याकडे आला. बाकावर एक तरुण मुलगी अँग्लो घेऊन बसलेली आणि शेजारी उभा तरुण, बहुधा भाऊ. तिचा डावा अंगठा हवेच्या बटणावर होता. मी नोंदवहीत लिहिलं, 'डावखुऱ्या वादकासाठी बनवलेलं वाद्य, दुर्मीळ.' वर्षभराने सहज भिंग लावलं तेव्हा त्या तरुणाच्या कोटाकडे लक्ष गेलं. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते. इथे उजवी डावीवर होती. सगळं चित्रच उलटं होतं. टिनटाइप, अँब्रोटाइप आणि डॅगेरोटाइप यांत कॅमेऱ्यातल्या पत्र्यावर किंवा काचेवरच अंतिम चित्र उमटतं, त्यामुळे ते सहसा आरशातल्यासारखं उलटं असतं. ती मुलगी उजव्याच अंगठ्याने हवा सोडत होती. तेव्हापासून पत्र्यावरचा किंवा काचेवरचा फोटो आला की मी स्कॅन करून आडवा उलटवून बघते आणि मगच डाव्या-उजव्याबद्दल लिहिते.

कुठल्या समाजात काय शोधायचं

हा या छंदाचा सगळ्यात समृद्ध भाग आहे. एकच वाद्य वेगवेगळ्या हातांत किती वेगळं होतं ते इथे दिसतं.

इंग्लंडमध्ये सुरुवातीचा काळ बैठकीच्या खोल्यांचा होता. सुखवस्तू स्त्रिया आणि पुरुष इंग्लिश कॉन्सर्टिना वाजवत, आणि जुलिओ रेगोंदी (१८२२–१८७२) या गिटारवादकाने मैफलींत त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे वाद्य स्वस्त झालं आणि कामगारवस्त्यांत गेलं. उत्तर इंग्लंडमध्ये कॉन्सर्टिना बँड तयार झाले आणि त्यांचे सामूहिक फोटो मिळतात: गणवेशातले दोन-तीन ओळींतले पुरुष, पुढे मोठी बास कॉन्सर्टिना. म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी-नकलांच्या रंगमंचांवरचे, कलाकार आपले फोटो पोस्टकार्डांवर छापून घेत. मॅकॅन ड्युएट वाजवणारा अलेक्झांडर प्रिन्स त्यांपैकी एक. मॉरिस या इंग्लिश लोकनृत्याच्या बाजूला बघायचं असेल तर ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनचा विल्यम किंबर (१८७२–१९६१) आहे. २६ डिसेंबर १८९९ रोजी लोकसंगीताचा संग्राहक सेसिल शार्पने त्याच्या चमूला नाचताना पाहिलं आणि त्याचं अँग्लो ऐकलं. इंग्लिश लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनाची गोष्ट बरेच जण तिथून सांगतात.

साल्व्हेशन आर्मी ही गणवेशातली ख्रिस्ती सेवाभावी संघटना हा स्वतंत्र कप्पा करण्याइतका मोठा विषय आहे. रस्त्यावरच्या सभांत गाण्याला साथ म्हणून त्यांच्या कार्यकर्त्यांनी कॉन्सर्टिना उचललं, आणि त्यांच्याकडे क्रेन या बटणरचनेचं ड्युएट 'ट्रायम्फ' या नावाने चालत असे. स्त्रियांच्या मोठ्या टोप्या आणि गळपट्टीवरचं 'एस' हे अक्षर यांवरून हे फोटो लगेच ओळखू येतात. संघटना अनेक देशांत पसरलेली असल्याने एकाच गणवेशात कितीतरी देशांचे चेहरे दिसतात. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी असं मला वाटतं, कारण गणवेशाची खूण हाताशी असते आणि शिकताना तिचा आधार मिळतो.

आयर्लंडमध्ये, विशेषतः क्लेअर परगण्यात, कॉन्सर्टिना हे मोठ्या प्रमाणात बायकांचं वाद्य होतं. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) यांचं नाव तिथे आदराने घेतात. आयरिश फोटो बहुतेक स्टुडिओतले नसतात. घराच्या दारात, अंगणात, नातेवाइकांनी काढलेले असतात. वाद्य बऱ्याचदा स्वस्तातलं जर्मन असतं: मोठी बटणं, फक्त १० किंवा २०. असे फोटो विक्रीच्या मंचावर क्वचित येतात आणि घरगुती अल्बममध्ये जास्त सापडतात.

दक्षिण आफ्रिकेत दोन परंपरा शेजारी शेजारी आहेत. आफ्रिकान्स भाषकांच्या बुरेम्युझिकमध्ये 'कॉन्सर्टिना' मुख्य वाद्यांपैकी एक, आणि १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाच्या काळातल्या फोटोंत ते छावण्यांतही दिसतं. झुलू आणि सोथो वादकांनी खाणींच्या आणि शहरांच्या वाटेने हेच वाद्य आपलंसं केलं, आणि झुलू वादक त्याच्या आतल्या, सूर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या आपल्या सुरावटीला जुळतील अशा बदलून घेत. या दुसऱ्या परंपरेचे जुने फोटो जास्त करून वसाहतकाळातल्या पोस्टकार्डांवर येतात. त्यांच्याबद्दल शेवटी वेगळं लिहिते.

याशिवाय खलाशी, ऑस्ट्रेलियातले मेंढपाळ, सर्कशीतले विदूषक आहेतच. सामूहिक फोटो कधी सोडू नका. जहाजाच्या तीस माणसांत डाव्या कोपऱ्यात एकाच्या मांडीवर कॉन्सर्टिना असतं आणि विकणाऱ्याच्या ते गावीही नसतं.

फोटो कशावर आहे

काळ ठरवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे फोटोचा पृष्ठभाग.

डॅगेरोटाइप (१८३९ पासून, जोर १८५० च्या दशकापर्यंत) चांदीच्या आरशासारखा चकाकतो आणि कोन बदलला की चित्र उजळ-काळं होतं. अँब्रोटाइप काचेवर, मागे काळा रंग किंवा कापड, १८५० च्या दशकाच्या मध्यापासून. टिनटाइप लोखंडी पत्र्यावर, १८५६ नंतर, आणि समुद्रकिनाऱ्यावरचे किंवा जत्रेतले फोटोग्राफर ते विसाव्या शतकातही काढत. अँब्रोटाइप आणि टिनटाइप यांत गोंधळ झाला तर कागद मध्ये ठेवून हलकं चुंबक जवळ न्यावं. लोखंड ओढलं जातं, काच नाही.

कागदी फोटोंत १८५४ मध्ये दिस्देरीने पेटंट घेतलेलं कार्त द व्हिझित पुठ्ठ्यासकट साधारण ६ बाय १० सेंटिमीटर असतं. कॅबिनेट कार्ड १८६६ पासून, साधारण ११ बाय १६.५ सेंटिमीटर. अल्ब्युमेनच्या, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या, पातळ कागदावर भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात आणि उजळ भाग पिवळसर पडलेला असतो. अमेरिकेतल्या कार्डाच्या मागे महसुलाचं तिकीट चिकटवलेलं असेल तर ते १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ मधलं. इतकी नेमकी तारीख इतर खुणा क्वचितच देतात.

पोस्टकार्डांत मागची बाजू बघा. संदेश आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ ब्रिटनमध्ये १९०२ पासून, जर्मनीत १९०५ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून आली. पुढची बाजू भिंगाखाली धरा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र, सलग छटा दिसल्या तर खरा फोटो. गडद भागांत तिरप्या उजेडात निळसर चंदेरी झाक दिसली तर जिलेटिन कागदातली चांदी जुनी होऊन वर आली आहे. ती झाक नकली बनवणं कठीण आहे.

रंगाचा अंदाज मात्र बांधू नका. त्या काळच्या फोटोच्या काचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम जास्त आणि लालचा अगदी कमी होई. त्यामुळे लाल भाता काळा दिसतो आणि निळा कोट फिकट.

शोध आणि खरेदी

विकणाऱ्यांपैकी बरेच जण या वाद्याला अकॉर्डियन म्हणतात, आणि आपल्या दृष्टीने ते चांगलंच आहे. 'कॉन्सर्टिना' या शब्दावर सगळे शोधतात. तुम्ही 'अकॉर्डियन', 'मेलोडियन', 'स्क्वीझबॉक्स' यांवर शोधा. जर्मन विक्रेत्यांकडे 'कॉन्झर्टिना' आणि 'झीहार्मोनिका', डच विक्रेत्यांकडे 'ट्रेकहार्मोनिका', स्पॅनिशमध्ये 'आकोर्देऑन', फ्रेंचमध्ये 'आकोर्देओं' असे शब्द त्या त्या लिपीत टाका. शिवाय 'संगीतकार', 'बँड', 'खलाशी', 'मिरवणूक' अशा सामान्य शब्दांखाली पानं उलटत बसा. वेळ लागतो, पण चांगले फोटो तिथेच पडलेले असतात.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी मागा: मागच्या बाजूचा फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला पुढचा फोटो, हातांचा जवळून काढलेला भाग आणि हा फोटो त्याच्याकडे कुठून आला याचं उत्तर. शेवटच्या प्रश्नावर 'एका घरातल्या अल्बममधून' असं कळलं तर अल्बममधली बाकीची पानं आहेत का ते लगेच विचारा. अल्बम फोडून एकेक फोटो विकला जातो तेव्हा नावं, नाती आणि गावं कायमची तुटतात. शक्य असेल तर कॉन्सर्टिना नसलेले शेजारचे दोन फोटोही घ्या. तोच माणूस लग्नात, तीच मुलगी दहा वर्षांनी, त्याच स्टुडिओचा शिक्का, हे सगळं हाती राहतं.

जुन्या पुठ्ठ्यावर नवीन प्रिंट चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. कडा बघा. फोटोचा डाग पुठ्ठ्यावर पुढे गेलेला नसेल, पुठ्ठा मळका आणि फोटो स्वच्छ असेल, तर थांबा.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशीच नोंद करा, नाहीतर विक्रेत्याने सांगितलेलं विसरायला होतं. माझ्या नोंदवहीतली एक नोंद अशी आहे:

'क्र. ४१. कॅबिनेट कार्ड. दोन पुरुष बसलेले. डावीकडच्याकडे इंग्लिश कॉन्सर्टिना: दोन्ही अंगठे वळ्यात, करंगळ्या पट्टीवर, भाता मांडीवर. टोकांच्या फळ्यांवरचं जाळीकाम लाकडी. उजवीकडच्याकडे फिडल (व्हायोलिन). मागे पेन्सिलने एक आडनाव, स्पेलिंग जसंच्या तसं. स्टुडिओचा पत्ता छापील. काळ: स्टुडिओ त्या पत्त्यावर होता ती वर्षं. वादक: होय, असावा.'

'काळ' या ओळीत वर्षाबरोबर पुरावा लिहायची सवय लावा. फोटोग्राफर कुठल्या वर्षी कुठल्या रस्त्यावर होता ते जुन्या व्यापारी निर्देशिकांत सापडतं. व्हीटस्टन कंपनीच्या हिशेबवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत, आणि तिथला कॉन्सर्टिनांचा मोठा संग्रह वाद्यांचं जाळीकाम व भात्यावरचे नक्षीचे कागद जुळवून बघायला फार उपयोगी पडतो.

दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयने स्कॅन करा, लहान टिनटाइप १२०० ने, आणि मूळ प्रत टिफमध्ये ठेवा. पेटीतला डॅगेरोटाइप उघडू नका आणि पुसू तर कधीच नका. तो थर कापडाच्या एका फटक्यात जातो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, तसाच स्कॅन करा.

साठवणीत पीव्हीसीचे पाकीट टाळा. ते मऊ पडून फोटोला चिकटतं. कागदी फोटोंना स्वच्छ पॉलिएस्टरचं पाकीट चालतं. थर सुटू लागलेला टिनटाइप किंवा अँब्रोटाइप मात्र आम्लमुक्त कागदाच्या घडीत ठेवा, कारण प्लास्टिकच्या स्थिर विजेने खपल्या निघतात. जागा थंड आणि कोरडी, आर्द्रता ३० ते ५० टक्के. नायट्राइलचे हातमोजे सुती मोज्यांपेक्षा बरे, सुताचे धागे कडांत अडकतात. मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता.

दाखवताना

वसाहतकाळातल्या पोस्टकार्डांवर माणसाचं नाव नसतं. जमातीचं नाव आणि 'नमुना' अशा अर्थाचा शब्द असतो, कधी उघड अपमानकारक मथळा. वेशभूषा आणि वाद्य फोटोग्राफरने दिलेलं असण्याची शक्यता अशा फोटोंत जास्त, म्हणून हात इथे आणखी बारकाईने बघा. कितीदा असं होतं की मथळा त्या माणसाला 'नमुना' म्हणतो आणि त्याची बोटं मात्र स्पष्ट सांगतात की हा सराईत वादक आहे. मूळ मथळा नोंदवहीत जसाच्या तसा ठेवा, कारण तोही इतिहास आहे. पण फोटो दाखवताना स्वतःचा मथळा द्या: 'झुलू कॉन्सर्टिनावादक, नाव नोंदलेलं नाही.' इंग्लंडच्या किनाऱ्यांवर कृष्णवर्णीयांची नक्कल म्हणून तोंडाला काळं फासून कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या गोऱ्या मंडळींचे फोटोही पुढ्यात येतील. ते लपवू नका, नुसतेच मांडूही नका. शेजारी दोन ओळींत तो प्रकार काय होता ते लिहा.

फोटो तुमच्या मालकीचा झाला म्हणजे तो छापायचा हक्कही तुमचा झाला असं नाही. अनेक देशांत हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. अमेरिकेत जुन्या प्रकाशित फोटोंसाठी प्रकाशनानंतर ९५ वर्षं धरतात. एकोणिसाव्या शतकातल्या कार्डांना सहसा अडचण येत नाही, १९४० च्या घरगुती फोटोंना येऊ शकते.

आणि स्कॅन त्या गावापर्यंत पोहोचवा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं गाव छापलेलं असतं. तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाला किंवा ग्रंथालयाला प्रत पाठवताना 'हे कोण?' एवढंच विचारू नका. स्टुडिओचा पत्ता, वर्षांचा पल्ला, वाद्याचा प्रकार, मागचं पेन्सिलीतलं आडनाव, सगळं सोबत द्या. उत्तर यायला महिने लागतात, कधी येतही नाही. आलंच, तर नाव सांगणाऱ्याचं नातं आणि उत्तराची तारीख नोंदीत घाला, आणि 'नाव नोंदलेलं नाही' ही ओळ एका आडव्या रेघेने, खालचं वाचता येईल अशी, खोडा.